दोनदा काढलेले आकाश

अलीकडच्याच एका रमजानची एकोणतिसावी संध्याकाळ. इफ्तार आटोपून मी नातीला घेऊन गच्चीवर गेले. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात गच्चीवरून पश्चिमेचे आकाश अजून मोकळे दिसते. आजूबाजूच्या गच्च्याही माणसांनी भरल्या होत्या. ‘दिख्या क्या?’, ‘नै दिख्या अबी’, अशी विचारपूस या गच्चीवरून त्या गच्चीवर चालली होती. जेद्दाहून तिच्या मामूचा फोन दुपारीच येऊन गेला होता. तिकडे ईद झालीसुद्धा होती.

नात दुसरीत आहे. मामूने मागच्या सुट्टीत आणलेले आकाशाचे इंग्रजी चित्रपुस्तक तिच्या हातात होते. चांद काही दिसेना, म्हणून ती पुस्तकात पाहून तारे शोधू लागली. पश्चिमेला लालसर तारा दिसला तसे तिने चित्रावर बोट ठेवले आणि अडखळत वाचले, “नानी, हा अल्डेबरान.”

मी म्हटले, “परत म्हण.” तिने परत म्हटले. मी म्हटले, “बेटा, हा तर अरबी शब्द आहे. अद्-दबरान. म्हणजे मागून चालणारा.”

“कुणाच्या मागून?”

“सुरैयाच्या. तो बघ, तिथे ताऱ्यांचा छोटा घोस आहे ना, तो सुरैया.”

ती हसायलाच लागली, कारण तिच्या मोठ्या खालेचे नाव सुरैया आहे. मी तीस वर्षे मराठी शाळेत शिकवले. मुलांना हाच तारा मी रोहिणी म्हणून आणि हाच घोस कृत्तिका म्हणून दाखवत आले. पण या दोन नावांची घरातल्या सुरैयाशी गाठ आहे हे मी कधी कुणाला सांगितले नव्हते. नातीने मग दोन प्रश्न विचारले. पहिला, “म्हणजे हे पुस्तक आपले आहे का?” दुसरा, “चांद एकच आहे, तर मामूला काल दिसला आणि आपल्याला का नाही दिसला?”

दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला त्या क्षणी नीट देता आली नाहीत. लहान मुलांना पृथ्वी आणि आकाश चित्रांतून शिकवण्याचा इतिहास मी वाचू लागले तो या दोन प्रश्नांपायी. वाचता वाचता लक्षात आले की दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी जाऊन मिळते.

एका बादशहाच्या उस्तादांचे पुस्तक

अब्दुर्रहमान अस्-सूफी यांचा जन्म ९०३ साली इराणातल्या रय शहरात झाला.  ते होते खगोलशास्त्रज्ञ. बुवैही सुलतान अजुदुद्दौला याच्या आश्रयाने त्यांनी इस्फहान आणि शीराजमध्ये काम केले. हा सुलतान आपल्या उस्तादांची नावे अभिमानाने सांगत असे. व्याकरण कुणाकडून शिकलो, पंचांगाची गणिते कुणाकडून आणि तारे कुणाकडून. ताऱ्यांचे उस्ताद म्हणून तो अस्-सूफींचे नाव घेई. त्याच्यासाठी अस्-सूफींनी ९६४ च्या सुमारास ‘सुवरुल कवाकिब’ हा ग्रंथ लिहिला. सुवर म्हणजे चित्रे, कवाकिब म्हणजे तारे. ताऱ्यांची चित्रे, असे सरळ नाव.

ग्रंथ थोरांसाठी होता, मुलांसाठी नव्हता. पण त्याची मांडणी पाहिली की त्यामागे शिक्षक उभा आहे हे कळते. ग्रीक विद्वान टॉलेमीने सांगितलेले ४८ तारकासमूह त्यात एकेक करून घेतले आहेत. प्रत्येकाचे वर्णन आहे, त्यातल्या प्रत्येक ताऱ्याची जागा आणि तेज सांगणारा तक्ता आहे, आणि वाळवंटातले अरब त्या ताऱ्यांना काय म्हणतात तेही आहे. ग्रीकांचे गणित आणि बद्दूंची नावे एकाच पानावर आली. आकाश पाहताना अस्-सूफी टॉलेमीचे आकडे डोळे झाकून मानत नाहीत. एखादा तारा त्याने सांगितल्यापेक्षा मंद दिसला तर तसे लिहितात. देवयानी समूहाजवळ अरबांनी कल्पिलेल्या मोठ्या माशाच्या तोंडापाशी त्यांनी एक ‘छोटा ढग’ नोंदवला आहे. आज आपण त्याला देवयानी दीर्घिका म्हणतो. ती आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. दुर्बीण यायला तेव्हा साडेसहाशे वर्षे अवकाश होता. नुसत्या डोळ्यांनी पाहून त्यांनी ती टिपली.

पण मला सर्वांत मोलाची वाटली ती वेगळीच गोष्ट. प्रत्येक तारकासमूहाचे चित्र त्यांनी दोनदा काढले आहे. एक, जमिनीवर उभे राहून वर पाहिले असता दिसतो तसा. दुसरे, ताऱ्यांच्या गोलावर दिसतो तसा. त्या काळी धातूचे गोल करून त्यांवर आकाश कोरत. शाळेतला पृथ्वीगोल असतो तसाच, पण ताऱ्यांचा. असा गोल हातात घेतला की आपण आकाशाच्या बाहेर उभे राहून आत पाहत असतो. त्यामुळे सगळे उलटे होते, आरशातल्यासारखे. डावीकडचे उजवीकडे जाते. गोलावरून शिकलेला विद्यार्थी रात्री अंगणात आला की गोंधळणार, हे त्या उस्तादांनी ओळखले होते. बिरूनीने नोंदवले आहे की अस्-सूफींनी गोलावर पातळ कागद ठेवून आकृत्या उतरवून घेतल्या होत्या. पण उतरवून घेऊन ते थांबले नाहीत. तेच चित्र त्यांनी अंगणात उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूनेही काढले.

माझ्या मते आकाशाच्या चित्रपुस्तकाचा सगळा इतिहास या दोन चित्रांत आला. मुलाला स्वतःच्या अंगणातून आकाश दाखवायचे, आणि मग त्याला बाहेर नेऊन त्याचेच अंगण दाखवायचे. एकच चित्र दाखवले तर शिक्षण अर्धे राहते.

अस्-सूफींच्या मुलाने पुढे तारकासमूहांवर एक उर्जूजा, म्हणजे रजज वृत्तातली पाठांतराला सोपी कविता लिहिली. वडिलांनी चित्र दिले, मुलाने लय दिली. बालवाडीची शिक्षिका आजही हेच करते.

विजापूरपर्यंत

तेराव्या शतकात नसीरुद्दीन तूसी यांनी हा ग्रंथ फारसीत आणला. त्याच शतकात जकरिया कजवीनी यांनी ‘अजाइबुल मख्लूकात’ लिहिले. सृष्टीतली नवले, असा त्याचा अर्थ. आधी आकाश, चंद्र, सूर्य, ग्रह, तारकासमूह, फरिश्ते, आणि मग खाली उतरून ढग, समुद्र, डोंगर, झाडे, प्राणी. वरून खाली येणारा हा प्रवास चित्रांनी भरलेला आहे. कजवीनींच्या हयातीतली, १२८० सालची एक सचित्र प्रत आज म्युनिकमध्ये आहे. त्यातल्या काही गोष्टी निव्वळ कल्पित आहेत, काही नेमक्या आहेत, आणि वाचणाऱ्याला त्या एकाच आश्चर्याने सांगितल्या आहेत. पुढची कित्येक शतके इराण, तुर्कस्तान आणि हिंदुस्थानात या ग्रंथाच्या प्रती होत राहिल्या.

आपल्या दख्खनमध्येही असे काम झाले. विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाच्या काळात, १५७० साली ‘नुजूमुल उलूम’ हा सचित्र फारसी ग्रंथ तयार झाला. तो आता डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. त्यात खगोलापेक्षा फलज्योतिष आणि मंत्रतंत्र जास्त आहे. पण भारतीय आणि इराणी आकाश त्याच्या पानांवर शेजारी शेजारी बसले आहे. उत्तरेत लाहोरचे कारागीर याच काळात पितळेचे पोकळ ताऱ्यांचे गोल एकसंध, बिनजोडाचे ओतत होते, आणि त्यांवरच्या आकृती अस्-सूफींच्या परंपरेतून आलेल्या होत्या.

हे सगळे वाचताना अभिमान वाटतो. तो वाटू द्यावा. पण एक गोष्ट डोळ्यांआड करू नये. यातले एकही पान कोष्ट्याच्या, बागवानाच्या, मोमिनाच्या मुलाच्या हातात गेले नाही. हाताने लिहिलेली, सोन्याने रंगवलेली पुस्तके शाही कुतुबखान्यात राहिली. मुलांच्या हातात चित्र जायला छापखाना लागला, आणि त्याहून जास्त, मूल हे वाचक आहे असे मानणारा माणूस लागला.

मुलांसाठी छापलेले पहिले जग

असा माणूस युरोपात भेटतो. योहान आमोस कोमेनियस हा मोराव्हियाचा, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला धर्मोपदेशक आणि शिक्षक. तीस वर्षांच्या धर्मयुद्धाने त्याचे गाव सुटले. १६५६ मध्ये पोलंडमधल्या लेश्नो शहराला आग लागली आणि आयुष्यभराची हस्तलिखिते जळाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६५८ साली, न्यूरेंबर्गमध्ये त्याचे ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस’ छापून निघाले. डोळ्यांना दिसणारे जग, चित्रांतून. १५० छोटे धडे, प्रत्येकाला लाकडी ठशाचे एक चित्र, चित्रातल्या वस्तूंना आकडे, आणि खाली त्याच आकड्यांनी दोन भाषांत मजकूर. एका बाजूला लॅटिन, दुसऱ्या बाजूला जर्मन. पुस्तक मुलांना शाळेआधी घरातच द्यावे, चित्रे मनसोक्त पाहू द्यावीत, हाताने उतरवू द्यावीत, असे त्याने प्रस्तावनेत सुचवले आहे.

सुरुवातीलाच जग, आकाश, अग्नी, वारा, पाणी, ढग, पृथ्वी येतात. पुढे चंद्राच्या कला, ग्रहणे आणि पृथ्वीचा गोल येतो. युरोपातल्या मुलांच्या कितीतरी पिढ्या या पुस्तकावर वाढल्या.

आणि तरीही त्यातले आकाश चुकीचे आहे. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये निघाला होता. त्याला शंभरांवर वर्षे उलटली होती. तरी कोमेनियसच्या धड्यात पृथ्वी मध्ये स्थिर उभी आहे आणि आकाश तिच्याभोवती फिरते. त्याने फक्त अंगणातले चित्र काढले. त्याच पुस्तकात शेवटाकडे आपल्या धर्मावरही एक धडा आहे. तो परक्याने, दुरून, ऐकीव माहितीवर लिहिलेला आहे. तिथे त्याने फक्त बाहेरचे चित्र काढले. एवढा मोठा शिक्षक, पण दोन्ही ठिकाणी एकेक चित्र राहून गेले. मी हे त्याला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. पुढच्या सगळ्या पुस्तकांना वाट त्यानेच करून दिली.

आपल्याकडेही हे घडले आहे. सर सय्यद अहमद खान यांनी १८४८ मध्ये एक पुस्तिका लिहिली, ‘कौले मतीन दर इब्ताले हरकते जमीन’. पृथ्वी फिरते हे म्हणणे खोटे आहे, असे तिचे प्रतिपादन होते. हेच सर सय्यद पुढे आपले मत बदलतात, १८६४ मध्ये गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढतात, पाश्चात्त्य विद्येची पुस्तके उर्दूत आणवतात आणि १८७५ मध्ये अलीगढची शाळा सुरू करतात. सर सय्यद यांचा मोठेपणा सांगताना आपण ती जुनी पुस्तिका सहसा सांगत नाही. मला वाटते ती आवर्जून सांगावी. तिशी उलटलेल्या, विद्वान म्हणून नाव मिळवलेल्या माणसाने आपल्या मनातले पृथ्वीचे चित्र पुसून नवे काढले. मुलांना याहून चांगला धडा कोणता देणार?

दरम्यान इंग्लंडमध्ये मुलांसाठी विज्ञान हा धंदाच झाला होता. लंडनचा प्रकाशक जॉन न्यूबेरी याने १७६१ मध्ये ‘टॉम टेलिस्कोप’ या टोपणनावाचे पुस्तक काढले. त्यात एक मुलगाच दुसऱ्या मुलांना भोवरे आणि चेंडू घेऊन न्यूटन समजावतो. १८२४ मध्ये लंडनला ‘युरेनियाज मिरर’ नावाचा ३२ पत्त्यांचा संच निघाला. प्रत्येक पत्त्यावर तारकासमूहाचे चित्र, आणि ताऱ्यांच्या जागी बारीक भोके. पत्ता दिव्यासमोर धरला की तारे चमकत. वर्गात शिकवण्यासाठी मी जुन्या लग्नपत्रिकांना दाभणाने भोके पाडून हेच करत असे. दोनशे वर्षांपूर्वी कुणी ते करून ठेवले आहे याची मला कल्पना नव्हती.

सायकलवरून पळालेला चित्रकार

विसाव्या शतकातली एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. हान्स ऑगस्टो रे हा हॅम्बुर्गचा यहुदी. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात असताना तो पुस्तकावरून तारे ओळखायला शिकू पाहत होता, पण पुस्तकातल्या आकृती आकाशाशी जुळेनात. जून १९४० मध्ये हिटलरचे सैन्य पॅरिसच्या दाराशी आले तेव्हा तो आणि त्याची बायको मार्गारेट सायकलींवरून पॅरिसमधून निसटले. सामानात मुलांच्या गोष्टींची हस्तलिखिते होती. ‘क्युरियस जॉर्ज’ या खोडकर माकडाची गोष्ट त्यातलीच. अमेरिकेत स्थिरावल्यावर त्याने १९५२ मध्ये ‘द स्टार्स’ आणि १९५४ मध्ये लहान मुलांसाठी ‘फाइंड द कॉन्स्टेलेशन्स’ ही पुस्तके केली.

त्याने केले ते इतकेच की तारे जोडणाऱ्या रेघा नव्याने ओढल्या. तारे तेच, पण आता अस्वल अस्वलासारखे दिसू लागले आणि जुळे भाऊ जुळ्या भावांसारखे. मुलाने पुस्तक मिटून वर पाहिले की आकृती सापडावी, एवढीच त्याची कसोटी. अस्-सूफींची कसोटीही हीच होती. मध्ये हजार वर्षे गेली, पण दोघांच्या मनासमोर अंगणात मान वर करून उभा असलेला एक विद्यार्थी होता.

त्या पुस्तकांत ताऱ्यांची जी नावे आहेत त्यांतली कितीतरी आपल्या घरातली आहेत. रायजेल म्हणजे रिज्ल, पाय. मराठीत राजन्य. व्हेगा म्हणजे अन्-नस्रुल वाकिअ, झेपावणारे गिधाड. मराठीत अभिजित. आल्टेअर म्हणजे अन्-नस्रुत् ताइर, उडणारे गिधाड. मराठीत श्रवण. डेनेब म्हणजे जनब, शेपूट. मराठीत हंस. बेटेलज्यूझ, म्हणजे मृगातला काक्षी, हा मुळात यदुल जौजा, जौजाचा हात. मध्ययुगात लॅटिनमध्ये उतरवताना कुणीतरी ‘य’ चा ‘ब’ वाचला. अरबी लिपीत फरक एका नुक्त्याचा. त्या एका ठिपक्याने ताऱ्याचे नाव कायमचे बदलले. आमच्या नातीला एकाच ताऱ्याची तीन नावे मिळतात. ही तिची श्रीमंती आहे. पण कुणीतरी तिच्यापुढे ती तीन नावे एका चित्राखाली लिहून ठेवायला हवीत.

दादीने पाहिलेली मक्का

२४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो-८ मधल्या विल्यम अँडर्स यांनी चंद्राच्या कडेवरून उगवणाऱ्या पृथ्वीचे छायाचित्र घेतले. ७ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो-१७ च्या प्रवाशांनी पूर्ण उजळलेल्या पृथ्वीचे छायाचित्र घेतले. तोवर चित्रपुस्तकांतली पृथ्वी ही चित्रकाराची कल्पना होती. आता बाहेरचे चित्र खरे झाले. त्यातही एक गंमत आहे. १९७२ च्या मूळ छायाचित्रात दक्षिण वर होती. पाहणाऱ्याला ओळखीचे वाटावे म्हणून ते फिरवून छापले गेले. अवकाशात वर आणि खाली नसते. वर आणि खाली ही अंगणाची भाषा.

ते छायाचित्र आमच्या घरात आले १९७० च्या दशकाच्या अखेरीस. अब्बा औरंगाबादला गेले होते. तिथल्या एका पुस्तक प्रदर्शनातून त्यांनी मराठीतले एक पातळ चित्रपुस्तक आणले. आतल्या पानभर चित्रात काळ्या रंगात तरंगणारा निळा गोळा होता. दादी उर्दू वाचायची, तिला मराठी वाचता येत नव्हते. पण चित्राला लिपी लागत नाही. तिने विचारले, “जमीन अइसी लटकी है क्या?” अब्बा म्हणाले, “हौ अम्मा, ऐसीच है.” मग तिने विचारले, “इसमें मक्का कां है?” त्या छायाचित्रात आफ्रिका आणि वरच्या बाजूला अरबस्तान स्वच्छ दिसतो. अब्बांनी पेन्सिलीच्या टोकाने जागा दाखवली. दादीने चष्मा वर करून पान डोळ्यांजवळ नेले. त्या जागेवरून तिने बोट फिरवले. ती हजला कधी जाऊ शकली नाही. तिने मक्का पाहिली ती या पुस्तकात, आकाशातून.

आमच्या पिढीला अशी पुस्तके मिळाली ती काही संस्थांमुळे. दिल्लीत १९५७ मध्ये नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट सुरू झाले. एकच चित्रपुस्तक देशातल्या अनेक भाषांत, परवडेल अशा किमतीत, ही नॅशनल बुक ट्रस्टच्या बालपुस्तकमालेची कल्पना होती. स्पुटनिक आणि गागारिनच्या देशातूनही रंगीत, स्वस्त पुस्तके येत. अनिल हवालदार यांच्यासारख्यांनी अनुवादलेली ती मराठीत मिळत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि तो झरा आटला. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून मुलांच्या हाती आले. जयंत नारळीकरांनी मराठीत लिहून आकाश मराठी घरांत आणले. २०१५ पासून प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर एकच चित्रपुस्तक मराठीत आणि उर्दूतही विनामूल्य वाचता येते. चित्र तेच राहते, मजकूर तेवढा बदलतो. कोमेनियसच्या दोन भाषांच्या पानाचा हा आजचा अवतार.

१९५४ चे हैदराबाद

आता एक खंत. अस्-सूफींच्या ग्रंथाचा अरबी मूळपाठ, त्यांच्या मुलाच्या उर्जूजासह, संपादून छापला गेला तो कुठे? हैदराबादेत, दाइरतुल मआरिफ या संस्थेकडून, १९५४ साली. संस्था १८८८ पासूनची. आणि १९५४ मध्ये आमचा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो. म्हणजे ज्या राज्याच्या राजधानीत हजार वर्षांपूर्वीचे ते आकाश छापले जात होते, त्याच राज्यातल्या एका गावात माझे अब्बा शाळेत जात होते. त्यांच्यापर्यंत ते आकाश पोहोचले नाही. मोठ्या विद्वानांनी मोठ्या विद्वानांसाठी चोख काम केले. पण त्यातले एक पान, एक सिंह किंवा एक मृग, उर्दूत किंवा मराठीत मुलांसाठी करावे असे कुणाला सुचले नाही.

आपल्या संमेलनांत आणि जलशांत ‘मुसलमानांनी जगाला खगोलशास्त्र दिले’ हे वाक्य हमखास येते. टाळ्या पडतात. पण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती घरांत मुलासाठी आकाशाचे एक चित्रपुस्तक असते? लग्नाच्या वलीम्यात एका पंगतीवर जो खर्च होतो त्यात मोहल्ल्यातल्या मक्तबसाठी चित्रपुस्तकांचे एक कपाट उभे राहते. आणखी एक गोष्ट बोलायला हवी. काही घरांत चित्र म्हटले की अजून कपाळाला आठी पडते. त्या वादात मी शिरत नाही. एवढेच सांगते की इल्मसाठी आकृती काढण्याला आपल्या पूर्वजांनी हजार वर्षांपूर्वी हात लावला, आणि त्या आकृतींवरून कैक पिढ्या तारे शिकल्या.

अवकाशातला किब्ला

ऑक्टोबर २००७ मध्ये मलेशियाचे डॉक्टर शेख मुजफ्फर शुकूर रमजानच्या शेवटच्या दिवसांत आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले. स्थानक दिवसाकाठी पृथ्वीला सुमारे सोळा प्रदक्षिणा घालते. मग नमाज किती वेळा आणि तोंड कुठे करायचे? मलेशियातल्या उलेमा आणि शास्त्रज्ञांनी बसून एक छोटी मार्गदर्शिका केली. वेळ, जिथून उड्डाण केले त्या जागेची धरावी. किब्ला शक्य तसा पाळावा. आधी काबा. ते न जमल्यास काबाच्या वरची अवकाशातली दिशा. तेही न जमल्यास पृथ्वी. आणि काहीच शक्य नसेल तर जिकडे तोंड असेल तिकडे.

तिसरा पर्याय वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ बसून राहिले. इतक्या दुरून पाहिले की काबा आणि पृथ्वी यांची दिशा एकच होते. आमचे गाव, दादीची कबर, जेद्दातली मामूची खोली, सगळे त्या एका दिशेत येते. बाहेरचे चित्र माणसाला हे देते.

त्या संध्याकाळी नातीच्या दुसऱ्या प्रश्नाला मी नंतर घरात येऊन उत्तर दिले. टेबलावर दिवा ठेवला, तो सूर्य. तिच्या हातात मोसंबी दिली, ती पृथ्वी. मोसंबीवर पेनाने दोन ठिपके काढले, एक आपले गाव, एक जेद्दा. माझ्या हातात लिंबू, तो चांद. मी सांगितले, चांद सूर्यापासून दर तासाला साधारण स्वतःच्या रुंदीएवढा पुढे सरकतो. आपल्याकडे सूर्य मावळला की जेद्दात मावळायला सुमारे अडीच तास लागतात. तेवढ्यात चांद सूर्याच्या झगमगाटातून आणखी बाहेर येतो. म्हणून पश्चिमेकडच्या माणसाला कधी कधी तो आधी दिसतो. चांद लबाडी करत नाही आणि मामूही करत नाही. चांद ठरवण्याची प्रत्येक मुलखाची पद्धत निराळी, हेही खरे. तिने मोसंबी फिरवून पाहिली, दिव्याकडे पाहिले, मग म्हणाली, “म्हणजे आपण मोसंबीवर उभे आहोत आणि इथून पण बघतो आहोत.”

अस्-सूफींनी दोन चित्रांत सांगितले ते हेच.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी तिला अजून पुरते दिलेले नाही. पुस्तक आपले आहे का? त्यातली नावे आपली आहेत, कृत्तिकाही आपली आणि सुरैयाही. बाकीचे पुस्तक तिच्या आणि तिच्या वर्गातल्या मुलींच्या भाषेत कुणीतरी करायचे आहे. मी एक वही घेतली आहे. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर उर्दू आणि मध्ये चित्र. मराठी वाचणारी डावीकडून सुरुवात करील, उर्दू वाचणारी उजवीकडून, आणि दोघी मधल्या चित्रापाशी भेटतील. पहिले चित्र मृगाचे काढायला घेतले आहे. तिच्या हट्टाने ते दोनदा काढावे लागणार आहे.

आणि हो, त्या संध्याकाळी चांद दिसला. शेजारच्या गच्चीवरून ओरड झाली, “वो देखो, निंबाच्या शेंड्यावर!” नखाएवढी कोर होती. नातीने आधी सलाम केला, मग पुस्तक उघडून ती कोर चित्राशी ताडून पाहिली.